डीजेवाले गाणी ठरवतात तरी कशी? यादी दिली की तोंड वाकडं का करतात?

शाहूपुरीची_ताई (सातारा)

भावाचं लग्न तोंडावर आलंय. हळद घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर आणि दुसऱ्या दिवशी वरात. डीजे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण बाकी सगळे पत्रिका वाटत फिरतायत. मी आणि चुलत बहिणींनी बसून व्यवस्थित 60 गाण्यांची यादी केली, क्रम लावून, म्हणजे कुठल्या गाण्यावर आत्या उठणार, कुठल्यावर आम्ही, कुठल्यावर दादाचे मित्र, सगळं लिहून. डीजेवाल्याला व्हॉट्सअपवर पाठवली तर तो म्हणतो "ताई यादी राहू दे तुमच्याकडं, आम्ही बघतो." बघतो म्हणजे काय ओ? पैसे आम्ही देणार, नाचणार आम्ही आणि गाणी हा बघणार?

मला खरंच समजून घ्यायचंय की हे लोक कुठलं गाणं कधी लावायचं ते कसं ठरवतात. आधीच ठरलेलं असतं का? एका हळदीत मी बघितलंय, तासाभराची एकच तयार फाईल लावून ऑपरेटर खुर्चीत मोबाईल बघत बसलेला. की खरंच त्यात काही डोकं लागतं? आणि यादी द्यायचीच झाली तर कशी द्यावी म्हणजे तो वाजवेल?

---

ट्रॉलीवरचा_ऑपरेटर (सांगली)

ताई राग मानू नका पण 60 गाणी पूर्ण वाजवायची म्हटली तर चार तास झाले, आणि हळदीत नाचायला मिळतोय किती वेळ ते सांगतो. रात्री 10 ला बंद करायचं, हा 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, 10 ते सकाळी 6 स्पीकर नाही म्हणजे नाही, वर्षातले सणावाराचे काही दिवस सरकार 12 पर्यंत सूट देतंय पण तुमची हळद काही त्यात येत नाही. पत्रिकेत हळद सहाची असती आणि लागती साडेसातला. राहिले अडीच तास. त्यात पंगत.

म्हणून मी कुठल्याबी हळदीला गेलो की बॉक्स लावून झाले की पहिल्यांदा आचाऱ्याकडं जातो. नवरदेवाकडं नाय, पाव्हण्यांकडं नाय. आचाऱ्याला विचारायचं, मामा पहिली पंगत कधी बसवणार? कारण एकदा "चला बसून घ्या" अशी हाक आली की मंडपात उरतोय मी आणि टॉपसमोर, म्हणजे वरच्या स्पीकरसमोर, उड्या मारणारी चार बारकी पोरं. मग 10 पासून उलटं मोजत यायचं. शेवटचा अर्धा तास नवरदेवाच्या दोस्तांचा, तो त्यांना दिला नाही तर ते ट्रॉलीवर चढतात. त्याच्या आधी पंगत, तेव्हा जुनी हिंदी, आवाज कमी, लोकांना बोलता आलं पाहिजे. आणि बायकांची गाणी पंगतीच्या आधीच, कारण नंतर त्या वाढण्यात, लेकरं झोपवण्यात गुंततात आणि परत येत नाहीत. हा सगळा हिशोब तुमच्या यादीत नसतोय. यादीत फक्त गाणी असतात.

मग कुठलं गाणं? तर फोल्डर असतात आमचे. हळद, वरात, आगमन मिरवणूक, शिवजयंती, भीमगीतं, जुनी हिंदी, पंजाबी, साऊथ. 14 एप्रिलच्या सुपारीला पूर्ण वेगळा पेनड्राईव्ह लागतो, तिथं लग्नातलं रिमिक्स चालत नाही, लोकांना शब्द ऐकायचे असतात. जतकडची सुपारी असली की कन्नड फोल्डर बरोबर घ्यायचा. विटा-आटपाडीकडं लग्न असलं तर गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे, पाव्हणे पार तमिळनाडू-केरळातनं आलेले असतात, त्यांची पोरं तिकडंच वाढलेली, साऊथची गाणी तोंडपाठ, आपण मराठी लावत बसलो की बाजूला उभी राहतात बिचारी. त्यामुळं पाव्हणे कुठले हे आधी विचारून घ्यायला लागतंय.

आणि चालू झाल्यावर मी नाचणाऱ्यांकडं फार बघत नाही, ते नाचणारच आहेत. खुर्चीवर बसलेल्यांचे पाय बघतो. कोपऱ्यात चार बायका पदर सावरून बसल्यात, बोलतायत, पण त्यातल्या एकीची चप्पल ठेक्यावर हलायला लागली की समजायचं ह्याच जातीचं अजून एक गाणं लावलं की ती उठणार, आणि ती उठली की बाकीच्या तीन आपोआप. तिथं जर मी तुमच्या यादीतलं पुढचं गाणं म्हणून पंजाबी लावलं तर ती परत बसली म्हणून समजा, आणि बसलेलं माणूस दुसऱ्यांदा उठवायला लई अवघड.

---

कराडचा_पुण्यात (मूळ कराड, सध्या पुणे)

वरच्या दादांनी भारी सांगितलंय, आचाऱ्याचं तर मी पहिल्यांदाच ऐकलं. मी पुण्यात क्लबला वाजवतो त्यामुळे थोडी वेगळी बाजू सांगतो, कारण गाणी निवडणं म्हणजे नुसतं पब्लिक बघणं नाही, गाण्याची गाण्याशी जुळणीपण असते आणि ती जमली नाही तर नाचणाऱ्याला का ते कळत नाही पण पाय थांबतात.

पहिलं म्हणजे वेग, बीपीएम, मिनिटाला किती ठोके. क्लबच्या संगीताचे प्रकार बघितले तर हाऊस साधारण 120 ते 130, हिपहॉप 85-100 च्या आसपास, ड्रम अँड बेस 170 च्या पुढे. 95 वरून थेट 128 ला उडी मारली तर लोक अडखळतात, म्हणून सेटमध्ये हळूहळू चढवत न्यायचं, किंवा मग मुद्दाम पूर्ण थांबवून नवीन सुरू करायचं. दुसरं म्हणजे पट्टी. आपल्याकडे पेटीवाले काळी चार, पांढरी एक म्हणतात ना, तेच. एक गाणं संपता संपता दुसरं वर चढवायचं असेल आणि दोघांच्या पट्ट्या भांडत असतील तर ते पाच-दहा सेकंद कानाला घाण लागतं. त्यासाठी कॅमेलॉट नावाचं चक्र असतं, सगळ्या पट्ट्यांना 1 ते 12 आकडे आणि ए किंवा बी, 8ए चालू असेल तर 7ए, 9ए किंवा 8बी घेतलं की सहसा बेसूर होत नाही. रेकॉर्डबॉक्स, सेराटोसारखी सॉफ्टवेअर गाण्याची पट्टी शोधून दाखवतात. आणि एक, वेग साधारण 6 टक्के वाढवला की गाणं अर्ध्या स्वराने वर जातं, 'की लॉक' (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारं बटण) दाबलं नसेल तर. त्यामुळे वेग जुळवायच्या नादात पट्टी बिघडू शकते.

हे सगळं असलं तरी मूळ गोष्ट दादा म्हणतात तीच आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, जिथून हिपहॉप सुरू झालं म्हणतात, ती त्याच्या बहिणीने ठेवली होती, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे जमवायचे म्हणून (ताई, म्हणजे बहिणीनेच डीजे बघायचा ही परंपरा जुनी आहे). हर्कच्या लक्षात आलेलं की नाचणारी पोरं पूर्ण गाण्यावर नाचत नाहीत, मध्ये जो नुसता ड्रमचा तुकडा येतो त्याची वाट बघत उभी राहतात. मग त्याने तो तुकडाच लांबवायला सुरुवात केली, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर, इकडचा संपला की तिकडचा. आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो त्याच्या 'लॉफ्ट'च्या पार्ट्यांमध्ये एका टप्प्यानंतर मिक्सिंगच सोडून देऊन गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण वाजवायचा. दोघांचंही चाललं. म्हणजे जुळणी येणं गरजेचं, पण जुळणीसाठी गाणं निवडायचं नसतं.

---

ट्रॉलीवरचा_ऑपरेटर (सांगली)

भावा बरोबर हाय तुझं पण आमच्याकडं ते चक्र निम्म्या वेळा चालत नाही बघ. क्लबचं गाणं चार मात्रांचं, कॉम्प्युटरवर बनवलेलं, एक ठोका इकडचा तिकडं होत नाही. आपली हळदीची, कोळीवाड्याची गाणी बघ, बरीचशी सहाच्या ठेक्यात झुलणारी. सॉफ्टवेअर ते चारात मोजायला जातंय आणि भलताच आकडा दाखवतंय. त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचं गाणं चढवलं की दोन घोडी दोन दिशेला. आणि जुनी गाणी तर माणसांनी बसून वाजवलेली, कानात ठोक्याची क्लिक लावून नाही, त्यामुळं मुखड्याची लय वेगळी आणि शेवटच्या कडव्याची वेगळी, सॉफ्टवेअरमधी ठोक्यांची ग्रीड कितीबी बसव, दोन मिनिटांनी घसरतंय.

म्हणून आम्ही काय करतो तर मधी हलगीचा तुकडा टाकतो. सहाचं गाणं मुखड्यावर कापलं, इको मारला, दहा-पंधरा सेकंद नुसती हलगी, त्यावर लोक आपापले हात वर करून नाचत राहतात, आणि तोवर मी खालनं चारातलं गाणं आणलेलं असतंय. हलगीला पट्टीचा त्रास नाही. माइकवर "नवरदेवाच्या मामांनी पुढं या" असं काहीतरी ओरडलं तरी चालतं, लोक मामांना शोधत बसतात आणि तोवर गाणं बदललेलं असतंय 😄

आणि पूर्ण गाणं कुणी वाजवत नाही ताई. मुखडा, एक कडवं, परत मुखडा. दीड-दोन मिनिटं. दुसऱ्या कडव्याला लोक पाणी प्यायला जातात, हे कुठल्याबी ऑपरेटरला विचारा.

---

क्लॅरिनेटवाले_काका (मिरज)

पोरांनो तुम्ही हे जे सांगताय ते सगळं ब्रास बँडवाले कधीपासून करत आलेत, फक्त लॅपटॉप नव्हता. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. गाणं मास्तर ठरवायचे आणि ते पण बोटाच्या खुणेवर, तोंडात वाद्य असताना बोलणार कोण. सुरुवात गणपतीनं, नवरदेव मारुतीच्या देवळाकडं निघाला की भक्तीचं काहीतरी, आणि परत येताना मग पोरं मोकळी सुटायची. अरुंद बोळ आला की संथ चाल, कारण तिथं नाचायला जागा नाही आणि वरात अडकली तर मागं घोडं बिथरतं. चौकात आलं की मोठं गाणं. मास्तरांना गावातले चौक पाठ असायचे, कुठल्या चौकात कुणाचं घर आणि तिथं कुठली फर्माईश येणार आणि नोट कुणाच्या हातात असणार, सगळं.

पण एक फरक सांगतो जो मला आजच्या डीजेत खटकतो. आम्हाला दम लागायचा. दोन उडत्या चाली सलग वाजवल्या की ट्रंपेटवाल्याचे ओठ सुजायचे, म्हणून मास्तरांना तिसरी चाल संथ घ्यावीच लागायची. त्यात नाचणाऱ्यालाही उसंत मिळायची, म्हातारी माणसं पुढं यायची दोन पावलं टाकायला. मशिनला दम लागत नाही, म्हणून आता पब्लिकला लागतो. अर्धा तास एकसारखं धाड धाड चाललं की पोरं सोडून सगळे कडेला. संथ गाणं म्हणजे कार्यक्रम पडला असं ऑपरेटरला वाटतं, तसं नसतं. संथ गाण्यात माणसं बदलतात.

---

कराडचा_पुण्यात

काका 🙏 संथ गाण्यात माणसं बदलतात हे अगदी खरंय. क्लबमध्येपण तसंच, सतत टॉपला ठेवलं की तासात फ्लोअर रिकामा, बारवाल्यालापण लोक यायला पाहिजेत ना.

---

बेस_कमी_करा (सातारा)

गाणं कुठलं लावायचं हा प्रश्न नाचणाऱ्यांचा. आमच्या घरात हृदयविकाराचा पेशंट आहे, आम्हाला सगळी गाणी सारखीच, खिडकीच्या काचा थरथरतात तेवढंच कळतं. त्याच 2000 च्या नियमात रहिवासी भागाला दिवसा 55 डेसिबलची मर्यादा पण आहे, ती कुणी सांगत नाही, सगळे 10 चंच सांगतात. ताई तुमच्या भावाला शुभेच्छा, पण बॉक्स शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून लावू नका एवढी विनंती.

---

ट्रॉलीवरचा_ऑपरेटर

मान्य हाय, आणि ह्याचा गाण्याशी पण संबंध आहे. मालकाला वाटतंय बॉक्सची भिंत उभी केली म्हणजे कार्यक्रम जोरात. घरासमोरच्या हळदीला दोन बेस दोन टॉप बास होतात. कमी बॉक्स असले की मग गाणी पण तशीच निवडायला लागतात, ज्यात गाणारा आवाज पुढं आहे, शब्द कळतात. नुसत्या बेसवर उभी राहिलेली रिमिक्स बारक्या सेटवर पडतात. बायकांना शब्दवालीच पाहिजे असतात, त्या म्हणत म्हणत नाचतात. मिरवणुकीत दोन मंडळांचे साऊंड चौकात समोरासमोर आले की मग गाणं वगैरे काही राहत नाही, सायरन आणि बेस, कुणाचं जास्त छातीत लागतंय एवढंच. त्याला मी गाणी निवडणं म्हणत नाही.

---

शाहूपुरीची_ताई

बापरे एवढं सगळं असतं होय. बॉक्सचं लक्षात ठेवते, आमच्या शेजारी पण आजोबा आहेत.

पण ट्रॉलीवाले दादा, एक विचारते, बायकांची गाणी पंगतीच्या आधी हे पटलं, पण आधी म्हणजे कधी? आमच्याकडं होतं काय की साडेसातला हळद लागते, त्या पूर्ण वेळात बायका तिकडं पाटाभोवती अडकलेल्या, आणि हळद लावून हात धुवून नाचायला याव्यात तर दहा मिनिटांत पंगतीची हाक. म्हणजे आम्हाला मिळाली तीन गाणी. मग जेवून पोरांचा अर्धा तास. हे प्रत्येक लग्नात असंच. ह्याचसाठी तर मी यादी केली होती ओ.

---

वाईची_सून (वाई)

ताई हे माझ्या नणंदेच्या हळदीत आम्ही सोडवलं म्हणून सांगते. आम्ही यादी दिलीच नाही, चिठ्ठी दिली. एका कागदावर फक्त आठ गाणी, आणि प्रत्येकापुढं माणसाचं नाव. हे गाणं आत्याबाईंचं, त्या पिवळ्या साडीत पुढच्या रांगेत बसणार. हे मावशी आणि आजीचं, दोघी एकत्र उठतात, एकटी उठत नाही. हे करवल्यांचं, ह्याच्या आधी दोन मिनिटं माइकवर हाक मारा. कधी वाजवायचं ते त्याच्यावर सोडलं. आणि खाली तीन गाणी, काय वाट्टेल ते झालं तरी लावायची नाहीत, कारण शब्द घाण आहेत आणि समोर सासरे बसलेले असतात. तो खूश झाला, म्हणाला असं कुणी देतच नाही, एकतर शंभर गाणी पाठवतात नाहीतर "लाव काहीतरी चांगलं".

दुसरं म्हणजे डीजेजवळ जाऊन सांगायचा अधिकार एकाच माणसाला. आमच्याकडं माझ्या दिराला दिला होता. नाहीतर प्रत्येक पाव्हणा जाऊन फर्माईश करतो, त्यात दोन घेतलेले काका एकच गाणं चार वेळा लावायला लावतात.

आणि वेळेचं म्हणाल तर हळद लागायच्या आधी नाचा. पाहुण्या बायका साडेसहापासून नटून खुर्चीत बसलेल्याच असतात, नवरदेवाची वाट बघत. कुणी सांगितलंय हळद लागल्याशिवाय नाचायचं नाही?

---

ट्रॉलीवरचा_ऑपरेटर

वहिनींनी एक नंबर सांगितलं. नावासकट चिठ्ठी म्हणजे आमचं निम्मं काम झालं. आत्याचं गाणं आत्या समोर असतानाच लागणार मग, ती वाढायला गेलेली असताना नाही. 60 ची यादी पण फेकू नका ताई, ती पाठवा, मी असतो तर त्यातनं तुमच्या घरची आवड काय आहे ते बघितलं असतं, जुनी मराठी किती, पंजाबी किती. क्रम मात्र सोडून द्यायचा.

अजून एक. गाणी व्हॉट्सअपवर फाईल म्हणून पाठवू नका, नुसती नावं पाठवा, कुठल्या पिक्चरचं, कुणी गायलंय एवढं. एका गाण्याचे दहा रिमिक्स असतात आणि लोकांनी कुठनंतरी उतरवून घेतलेली 128 केबीपीएसची फाईल मोबाईलवर बरी वाटती, पण मोठ्या टॉपवर तिची वरची धार गेलेली कळते, 16 किलोहर्ट्झच्या वर तिच्यात सहसा काही राहिलेलंच नसतंय. आम्ही 320 ची ठेवतो. आणि खूप जुनं गाणं असेल तर मूळ रेकॉर्डिंगला खाली बेसच नसतो, मोकळ्या प्लॉटवर ते विरून जातंय, त्याला खालनं ढोलकी-बेस जोडलेलं व्हर्जन घ्यायला लागतंय. आत्याला फरक कळत नाही, पायाला कळतो.

---

क्लॅरिनेटवाले_काका

जुन्या गाण्याला खालनं बेस जोडू नका एवढंच म्हणतो. पण माझं कोण ऐकतंय.

---

कराडचा_पुण्यात

काका मूळ पण ठेवतो आम्ही, पंगतीला लावायला 😄

ताई, झिंगाट कधी लावणार ते मात्र त्याला आधी विचारून ठेवा. 2016 ला सैराट आल्यापासून ते गाणं लवकर लावलं की नंतरचं सगळं फिकं पडतं, आणि उशिरा ठेवलं तर 10 वाजून जातात आणि पोरं ऐकत नाहीत. चांगला ऑपरेटर ते कधी वाजवायचं हे डोक्यात ठेवूनच येतो. त्यावरून पण कळेल तुम्हाला, तयार फाईल लावून बसणारा आहे की खरंच बघणारा.

---

शाहूपुरीची_ताई

विचारलं आत्ताच फोन करून. म्हणाला "पावणेदहा, पण आत्याबाई नाचत असतील तर थोडं पुढं ढकलतो." म्हणजे माझी यादी वाचलीय त्याने, आत्याचं त्यातच लिहिलं होतं 🙂 राग गेला माझा.

आचाऱ्याला पण फोन केला. पहिली पंगत साडेआठला म्हणतोय.

---

ट्रॉलीवरचा_ऑपरेटर

साडेआठ म्हणजे नऊ धरा. तरी बायकांना पावणेसातलाच उभं करा, वहिनी म्हणतायत तसं. आणि जनरेटरचं डिझेल कुणी आणायचं, तुम्ही का डीजेवाल्यानं, ते आजच ठरवून घ्या, ऐन वेळेला त्याच्यावरनं भांडणं होतात.